काळ्या प्लॅस्टिकवरचा बोटाचा डाग

आमच्या गावात रात्रीचा वर्ग भरतो. बायका येतात, पुरुषही येतात. सगळे दिवसभर राबून आलेले असतात. कुणी कांदे भरून येतो. कुणी गोठ्यातले शेण काढून, धार काढून येते.

मागे वर्गाला एक संगणक मिळाला. बचत गटाचा हिशेब त्यावर ठेवायचा, असे ठरले. संगणकाची पेटी काळ्या प्लॅस्टिकची आहे. तिच्यावरून बोट फिरवले, तर ती गुळगुळीत लागत नाही. लिंबाच्या सालीसारखी बारीक खरखरीत लागते.

दोनच दिवसांत त्या पेटीवर डाग दिसू लागले. बोटांचे डाग, तळव्याचे डाग. दिव्याच्या उजेडात ते फारच उठून दिसत. वर्गाची व्यवस्था पाहणारा तरुण वैतागला. समोर एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांना तो म्हणाला, "मावशी, तुमच्या कामाच्या हातांचे डाग पडतात. तुम्ही आपल्या लांबूनच बघा."

मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत.

आम्हाला फार वाईट वाटले. डाग काय, पुसता येतो. पण शिकायला आलेले माणूस मन मोडून परत गेले, तर त्याला पुन्हा आणणे कठीण. आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, उद्या वर्गाला या. पाटीवर एक गंमत करून बघायची आहे."

त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझे हात असे. तिथं येऊन काय करू?"

आम्ही म्हणालो, "त्या हातांचंच काम आहे. या तर खरं."

त्या आल्या. त्या रात्री वर्गात आम्ही जे केले आणि जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत.

बोटाला लागलेले असते काय?

आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक रेघा असतात. उजेडात बोट धरून पाहा. नांगरलेल्या शेतात तास दिसतात, तशा त्या दिसतात. दोन रेघांमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असते. या रेघांवर घामाची अगदी बारीक छिद्रे असतात. त्यांतून थोडा थोडा घाम सतत येत असतो. आपल्याला तो जाणवतही नाही.

घाम म्हणजे बहुतेक पाणीच. १०० भाग घामात ९८-९९ भाग पाणी असते. उरलेला भाग मीठ आणि इतर काही पदार्थ. पाणी उडून जाते. मीठ मागे राहते.

मग तेलकटपणा कुठून येतो? इथेच खरी गंमत आहे. आपल्या चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या कातडीत तेल तयार होते. तळहाताच्या कातडीत तेल तयार होतच नाही. मग बोटाला तेल लागते कसे? आपणच लावतो! केसांवरून हात फिरवतो. कपाळ पुसतो. नाक खाजवतो. दाढी कुरवाळतो. भजी खातो आणि बोटे लेंग्याला पुसतो. थंडीत हातापायांना तेल लावतो. ते सगळे बोटांना चिकटते. मग बोट जिथे लागेल, तिथे त्याचा थोडा अंश उतरतो. हाच तो डाग.

पाटीवरची गंमत

आम्ही एक दगडी पाटी घेतली. ती धुऊन कोरडी केली. मधोमध रेघ मारून तिचे दोन भाग केले. मावशींना साबणाने हात धुवायला सांगितले. हात चांगले कोरडे करायला सांगितले. मग म्हणालो, "ताई, पाटीच्या या बाजूला पाच बोटं दाबा."

त्यांनी बोटे दाबली. हात उचलला. थोडी ओल दिसली, आणि बघता बघता तीही उडाली. पाटी जवळजवळ जशीच्या तशी.

मग आम्ही त्या तरुणाला पुढे बोलावले. त्याचे केस चापूनचोपून बसवलेले होते. बोलताना तो पुन्हा पुन्हा केसांवरून हात फिरवीत होता. आम्ही म्हणालो, "आता तू दुसऱ्या बाजूला बोटं दाब."

त्याने दाबली. पाच काळे, चकचकीत ठिपके उमटले. पाटी दिव्यापाशी तिरपी धरली, तर ते लांबूनही दिसत. त्यांवर पेन्सिलीने लिहून पाहिले. पेन्सिल घसरू लागली. अक्षर उमटेना.

सगळा वर्ग हसला. तो तरुणही हसला. मुलगा मनाचा चांगला आहे. तो म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. डाग माझेच होते."

आम्ही म्हणालो, "बाळ, इथे कुणाच्या हाताचा दोष नाही. कामाच्या हातांचा तर नाहीच. दोष हाताला लागलेल्या तेलाचा आहे. आणि ते साबणाने जाते."

वाचकहो, ही गंमत तुम्हीही करून पाहा. पाटी नसेल तर काळी थाळी चालेल, काळा डबा चालेल.

काळ्यावरच डाग का दिसतो?

पांढऱ्या डब्यालाही आपण हात लावतो. त्यावर डाग फारसा दिसत नाही. काळ्या डब्यावर लगेच दिसतो. असे का?

आपल्याला वस्तू दिसते, ती तिच्यावरून परत आलेल्या उजेडामुळे. पांढरी वस्तू पुष्कळ उजेड परत पाठवते. काळी वस्तू बहुतेक उजेड पोटात घेते. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बहुधा एक प्रकारची काजळीच मिसळलेली असते. म्हणून ते इतके काळे दिसते.

भर बाजारात एक माणूस बोलला, तर ऐकू येत नाही. तोच माणूस मध्यरात्री बोलला, तर सगळ्या गल्लीला ऐकू येते. तसेच हे आहे. पांढऱ्यावर आधीच पुष्कळ उजेड असतो. त्यात डागाची चमक हरवते. काळ्यावर सगळीकडे अंधार असतो. तिथे जराशी चमकही डोळ्यांत भरते.

खरखरीतपणाने काय होते?

आता प्लॅस्टिक खरखरीत का करतात, ते पाहू. असल्या पेट्या साच्यात ओततात. साचा पोलादाचा असतो. त्याच्या आतल्या अंगाला बारीक खड्डे आणि उंचवटे मुद्दाम पाडलेले असतात. गरम, पातळ प्लॅस्टिक साच्यात भरले, की ते खड्डे-उंचवटे प्लॅस्टिकवर उतरतात. जात्याला टाकी लावतात ना, तसेच समजा. फक्त हे काम फार बारीक.

याचे फायदे आहेत. वस्तू हातातून निसटत नाही. लहान ओरखडे झाकले जातात. उजेड डोळ्यांवर चमकत नाही. कारण खरखरीत अंगावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. म्हणून ती वस्तू शांत, मंद काळी दिसते.

आता तिथे तेलकट बोट लागले. तेल बारीक खड्ड्यांत उतरले. खड्डे भरले. तेवढी जागा सपाट झाली. आता तिथे उजेड विखुरत नाही. आरशावरून येतो तसा एकाच दिशेने परत येतो. त्या दिशेने पाहिले तर डाग चमकतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तीच जागा जास्त काळी दिसते. म्हणूनच डाग एका बाजूने दिसतो आणि दुसऱ्या बाजूने नाहीसा होतो.

भज्यांचा कागद आठवा. तेल लागले, की तेवढाच कागद वेगळा दिसतो. कागद तोच. फक्त त्याच्या बारीक पोकळ्या तेलाने भरल्या.

गुळगुळीत काचेवर बोटाच्या रेघा स्पष्ट उमटतात. खरखरीत प्लॅस्टिकवर तशा उमटत नाहीत. बोट फक्त उंचवट्यांना लागते. त्यामुळे रेघा तुटक होतात, आणि नुसताच धब्बा दिसतो. असल्या जागेवरून ठसा उचलणे पोलिसांनाही अवघड जाते.

कोरडे फडके का चालत नाही?

डाग दिसला, की आपण काय करतो? खांद्यावरचा पंचा घेतो आणि खसाखसा पुसतो. डाग जातो का? नाही. उलट तो पसरतो. उंचवट्यांवरचे तेल फडक्याने ढकलले जाते आणि खड्ड्यांत जाऊन बसते. आधी एका बोटाचा डाग होता, तो आता तळहाताएवढा झाला.

नुसते पाणीही पुरत नाही. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, हे तर घरोघरी ठाऊक आहे. मधे साबण लागतो. साबणाच्या प्रत्येक कणाला जणू दोन हात असतात. एका हाताने तो तेल धरतो. दुसऱ्या हाताने पाणी धरतो. मग पाण्याबरोबर तेल निघून येते.

डाग पुसण्याची रीत

१. यंत्र विजेचे असेल, तर आधी बटन बंद करा. पिन काढा. मोबाईल असेल तर चार्जर काढा आणि मोबाईल बंद करा. हे विसरू नका.

२. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडा. धूळ तशीच ठेवून पुसले, तर धुळीचे कण ओरखडे पाडतात.

३. वाटीभर स्वच्छ पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब घाला. जास्त नको. जास्त साबणाचाही डाग पडतो.

४. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे मऊ, धुतलेले फडके घ्या. त्याला खळ नसावी. ते साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. एक थेंबही गळता कामा नये.

५. हलक्या हाताने पुसा. जोर लावू नका. फडक्याची बाजू बदलत राहा.

६. दुसरे फडके साध्या पाण्यात पिळून घ्या आणि साबण टिपून काढा.

७. शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. पूर्ण वाळल्यावरच बटन लावा.

विहिरीचे पाणी जड असेल, तर वाळल्यावर पांढरट डाग राहतो. मग पावसाचे साठवलेले स्वच्छ पाणी वापरा. ते हलके असते.

पाणी यंत्रावर थेट कधीही ओतू नका, शिंपडू नका. पाणी आत गेले तर यंत्र बिघडेल, आणि विजेचा धोकाही आहे. पाणी फडक्याला, फडके यंत्राला. एवढे सूत्र लक्षात ठेवा.

हे करू नका

थिनर, पेट्रोल, रॉकेल यांनी पुसू नका. एका ओळखीच्या घरी टीव्हीची काळी कड थिनरने पुसली. डाग गेला खरा, पण प्लॅस्टिकच विरघळले. तिथे पांढरट, चिकट जागा झाली. ती कायमची. नखांचा रंग काढायचे औषध असते, तेही अनेक प्लॅस्टिकांना विरघळवते.

राख, रांगोळी, खाण्याचा सोडा, भांड्यांची घासणी लावू नका. त्यांनी उंचवटे झिजतात.

हात साफ करायचे सॅनिटायझर लावू नका. त्यात बहुधा ग्लिसरीन असते. त्याचाच चिकट थर मागे राहतो.

खोबरेल तेल लावू नका. गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकला काही जण तेल लावतात. घटकाभर ते नवे दिसते. पण तेलावर धूळ बसते, आणि पुढे प्रत्येक बोटाचा डाग उठतो. डाग नको म्हणून डागच सगळीकडे फासण्यासारखे ते आहे!

डाग पडूच नये म्हणून

पुसण्यापेक्षा डाग पडू न देणे बरे. त्यासाठी खर्च लागत नाही. सवय लागते.

पहिली सवय, हात धुण्याची. यंत्राला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा आणि चांगले कोरडे करा. ओल्या हाताने विजेच्या वस्तूला हात लावणे धोक्याचे आहे.

दुसरी सवय, काम चालू असताना तोंडाला आणि केसांना हात न लावण्याची. हे सोपे वाटते. पण करून पाहा. दहा मिनिटांत हात किती वेळा तोंडाकडे जातो, ते मोजा.

तिसरी सवय, वस्तू नेहमी एकाच जागी धरण्याची. मूठ असेल तर मुठीला धरा. मूठ नसेल तर कडेला धरा. सगळ्या अंगाला हात लावू नका.

चौथी सवय, झाकण घालण्याची. काम झाले की वर सुती कापड टाका. पण यंत्र चालू असताना झाकू नका. ते तापते.

पाचवी सवय, डाग ताजा असतानाच पुसण्याची. ताजा डाग लवकर जातो. जुने तेल घट्ट होते, त्याला धूळ धरते, आणि मग तो हटत नाही.

काही डाग डाग नसतात

पुष्कळ वापरलेल्या संगणकाच्या कळा पाहा. काही कळा चकचकीत झालेल्या असतात. तो तेलाचा डाग नव्हे. बोटे लागून लागून तिथले उंचवटे झिजले. देवळाची पायरी झिजून गुळगुळीत होते, तसे. ते पुसून जाणार नाही. जायला नकोही. ती कामाची खूण आहे.

काही वस्तूंवर रबरासारखा मऊ थर असतो. काही वर्षांनी हवेतल्या ओलीने आणि उन्हाळ्याने तो चिकट होतो. दोष तुमच्या हाताचा नसतो. थरच खराब झालेला असतो. तिथे कापडी खोळ घालणे बरे.

उन्हात राहून काळे प्लॅस्टिक पांढरट पडते. तेही बोटाचे काम नव्हे, उन्हाचे काम आहे.

जिथे ठसा हवाच असतो

आतापर्यंत ठसा नको म्हणून सांगितले. पण कुठे कुठे ठसा हवाच असतो. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा छाप करारावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांनी ठसे लावून ठेवण्याची रीत बसवण्याचे मोठे काम केले. २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आता रेशनच्या दुकानातही यंत्रावर बोट ठेवावे लागते.

त्या यंत्राची काच तेलकट असेल, तर ठसा नीट उमटत नाही. तेव्हा दुकानदाराला काच पुसायला सांगा. आपले बोटही पुसा. विटा, सिमेंट, खुरपणी यांनी बोटांच्या रेघा झिजतात. मग यंत्राला ठसा ओळखत नाही. अशा वेळी दुसरे बोट लावून पाहा. तेही जुळले नाही, तर मुकाट्याने घरी परतू नका. ओळख पटवायची दुसरी रीत विचारा. ठसा जुळला नाही एवढ्याच कारणावरून धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना लिहून कळवले आहे. झिजलेली बोटे हा गुन्हा नव्हे.

शेवटचे दोन शब्द

जुनी माणसे म्हणत, हात फिरे तेथे लक्ष्मी वसे. हात फिरला पाहिजे. यंत्र जपायचे म्हणून माणसाला लांब बसवायचे, हे शहाणपण नव्हे. यंत्र माणसासाठी आहे. हात धुवा, आणि बिनधास्त लावा. डाग पडला तर पुसा.

आमच्या वर्गात आता संगणकाशेजारी साबणाची वडी, पाण्याची बादली आणि दोन फडकी ठेवलेली असतात. फडकी धुण्याची पाळी त्या तरुणाने आपणहून घेतली आहे. मावशी रोज येतात. परवा त्यांनी गटाच्या हिशेबात आपले नाव स्वतः एकेक कळ दाबून लिहिले. पूर्वी त्या अंगठा करीत. नाव लिहून झाल्यावर त्यांनी पेटीकडे वाकून पाहिले. कळांवर चार बोटांची पुसटशी ओल होती. त्या फडके घ्यायला उठल्या. आम्ही म्हणालो, "राहू द्या हो ताई, घटकाभर राहू द्या."

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. बोटाला तेल कुठून लागते?
२. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर तेलाचा डाग चमकतो, तो का?
३. कोरड्या फडक्याने पुसले तर डाग का पसरतो?
४. विजेचे यंत्र पुसण्याआधी पहिले काम कोणते?
५. रेशनच्या यंत्रात ठसा जुळला नाही, तर तुम्ही काय कराल?